लांगीमाइनाबाईंची उठबस

फुआतिनोने जे केलं ते शत्रूनेही केलं नसतं, असं लांगीमाइनाबाईंचं ठाम मत होतं. शत्रू निदान समोरून येतो. फुआतिनो मागून आली, आणि हातात खुर्ची घेऊन आली.

सामोआतल्या सालेमाना गावच्या महिला समितीची सभा भरली होती. बावीस बायका चटयांवर मांडी घालून बसल्या होत्या. लांगीमाइनाबाई अर्थातच पुढच्या मधल्या खांबाशी, कारण तो खांब गावच्या मुखियाच्या थोरल्या बहिणीचा. कोणी कुठल्या खांबाला टेकायचं हे सालेमानात देवाने जग निर्माण केलं त्याच आठवड्यात ठरलेलं आहे. सभा अर्ध्यावर आली तेव्हा बाई पंखा घ्यायला उठल्या. म्हणजे उठायला गेल्या. पहिल्या खेपेला ते जमलं नाही. दुसऱ्या खेपेला खांबाला मिठी मारून जमलं, पण वर पोचता पोचता तोंडून असा आवाज निघाला, जो माणसं होडी वाळूवर ओढताना काढतात.

बाकीच्यांनी चटईची वीण न्याहाळायला घेतली. फुआतिनो तेवढी लगबगीने बाहेर गेली, पाद्रीसाहेबांच्या पडवीतली पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली, फडक्याने पुसली आणि मध घातलेल्या आवाजात म्हणाली, "बसा वन्सं. जमिनीवर बसायचं वय आहे का आता तुमचं?"

वन्संचं वय सदुसष्ट. विचारणारीचं एकसष्ट. फुआतिनो ही बाईंच्या धाकट्या भावाची, म्हणजे मुखिया आसोमुआची बायको. सहा वर्षांच्या फरकावर केवढी ही मिजास.

सभेत खुर्चीवर कोण बसतं? जिचा पाय प्लास्टरमध्ये आहे ती, नाहीतर ज्याला मांडी घालता येत नाही असा गोरा पाहुणा. खुर्चीवरच्या माणसाला पहिला कोको मिळतो, सगळे वाकून जातात, आणि कुठल्याच गोष्टीत त्याचं मत विचारत नाहीत. पण खरी मेख पुढे होती. मे महिन्याच्या अखेरीला समितीच्या नव्या घराचं उद्घाटन होतं, आणि उद्घाटनाचा शेवटचा नाच मुखियाच्या बहिणीचा. तिने चटईवरून, कशाचाही आधार न घेता, दोन्ही हात पसरून, डोक्यावरचा पिसांचा मुकुट न हलवता उठायचं आणि नाचायचं. लांगीमाइनाबाईंनी हा नाच सतराव्या वर्षापासून केला होता. प्रार्थनाघर झालं तेव्हा केला, शाळा झाली तेव्हा केला, गावात पाण्याचा नळ आला तेव्हा नळासमोरही केला.

"तुम्ही बसूनच आशीर्वाद द्या वन्सं," फुआतिनो म्हणाली. "नाचायचं काय, एखादी पोर नाचेल."

आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही की लांगीमाइनाबाई त्या खुर्चीवर बसल्या. मांड्या लटपटत होत्या, दुसरा इलाज नव्हता. हा अपमान त्यांनी फुआतिनोच्या नावावर लिहून ठेवला, मांड्यांच्या नाही.

त्याच दुपारी त्यांनी ब्रिस्बेनला लेकीला फोन लावला. माकेरिता तिथे एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना कवायत शिकवते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, गुडघ्याला काही झालेलं नाही. मांड्यांतली ताकद गेलीय."

"जाईल कुठे? मांड्या तर आहेत तेवढ्याच आहेत."

"आकार आहे, ताकद नाही. मी क्रिएटिन पाठवते."

हे नाव बाईंना एखाद्या जर्मन कप्तानाच्या बायकोसारखं वाटलं. लेकीने समजावलं की ही पांढरी पावडर आहे, आपलं शरीर स्वतःच ती थोडी थोडी बनवत असतं, प्रथिनांच्या बारीक तुकड्यांपासून. मासळीत आणि मांसातही असते. स्नायूंना एकदम जोर लावायचा असला की तीच कामाला येते.

"मासळीत असते तर मासळीच खाईन की."

"तेवढी मिळायला रोज किलोभर मासे खावे लागतील."

"मग आत्ता मी काय खाते?"

माकेरिताने मासळीचा विषय सोडून दिला. मग म्हणाली, "आधी दवाखान्यात जाऊन मूत्रपिंडं तपासून घे. नर्सबाई बरं म्हणाली तरच पाठवते. रोज एक छोटा चमचा, भरपूर पाणी, आणि व्यायाम." यातला शेवटचा शब्द फोन खरखरल्यामुळे ऐकू आला नाही, असं बाईंनी पुढे बरेच दिवस सांगितलं.

मूत्रपिंडं उत्तम निघाली. डबा दोन आठवड्यांनी शहरातल्या पार्सल कचेरीत आला आणि तिथेच अडकला. डब्यावर एक उघडाबंब गडी दंड फुगवून उभा होता आणि आत पांढरी पूड, त्यामुळे पहिल्या खिडकीवरचा माणूस डब्याला हात लावेना. औषध आहे म्हणून त्याने दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. दुसरीने खाद्यपदार्थ आहे म्हणून तिसरीवर. तिसरी खिडकी डुकरं-कोंबड्यांची. तिथल्या बाईने चष्मा वर सरकवून विचारलं, "हे कुठल्या जनावरापासून केलंय?"

"माझ्या लेकीने पाठवलंय," लांगीमाइनाबाई म्हणाल्या, "तेव्हा तोंड सांभाळून बोल."

शेवटी आतल्या खोलीतून एक दाराएवढा अधिकारी आला. त्याने डबा बघितला, बाईंना बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आदर पसरला जो त्या कचेरीत कुणाच्या वाट्याला येत नाही. "मावशी, हे आम्ही वजन उचलणारे घेतो. तुम्ही किती उचलता?"

"स्वतःला," बाई म्हणाल्या. "तेवढं पुरतं."

त्याने शिक्का मारला.

आता डबा घरी आला तरी खरी अडचण तिथून पुढे. सालेमानात वस्तू एकट्याची नसते. परदेशातून काही चांगलं आलं की पहिला वाटा पाद्रीसाहेबांच्या घरी, दुसरा मुखियाच्या, मग शेजारी, आणि उरला तर डबा आपला. उभ्या आयुष्यात लांगीमाइनाबाईंनी मासळीचा एक डबा लपवला नव्हता. पण वाटा द्यायचा तर काय म्हणून द्यायचा? ही माझ्या लटपटत्या मांड्यांची पावडर, असं सांगून? डबा त्यांनी रविवारच्या पांढऱ्या टोपीच्या खोक्यात ठेवला, टोपीच्या खाली, आणि देवाला कळवून टाकलं की हे अन्न नसून औषध आहे. पहिल्या खिडकीवाल्याने तसं सांगितलं होतंच.

डब्यावर बारीक अक्षरांत बरंच काही छापलं होतं. अक्षरांशी बाईंची ओळख बायबलापुरती, त्यातही पाठ असलेल्या पानांपुरती. पण समजायचं काय त्यात? एक चमचा एका साध्या माणसाचा. ज्या बाईच्या अंगावर गावाची अब्रू आहे तिला चार हवेत. चार चमचे कोकोत ढवळून त्यांनी एका दमात पिऊन टाकले. चव कसलीच नव्हती. दुपारपासून मात्र परसाकडच्या फेऱ्या सुरू झाल्या. संडास माडांच्या पलीकडे, आणि वाट नेमकी फुआतिनोच्या घरावरून. सातव्या फेरीला ती पंखा हलवत म्हणाली, "वन्सं, माड मोजताय का?"

दुसऱ्या दिवसापासून चमचा एक झाला. आठवडाभरात अंग जरा भरलं, ठेवणीतला झगा दंडात घट्ट बसू लागला. माकेरिता म्हणाली होती की सुरुवातीला स्नायू पाणी धरून ठेवतात, घाबरू नकोस. फुआतिनोने तेही टिपलं. "छान भरलात हो वन्सं." सामोआत यापरतं कौतुक नाही. पण फुआतिनोच्या तोंडून आलं की कौतुकालाही काटे असतात, नीरफणसासारखे.

तीन आठवडे झाले. बाई रोज चमचा घेत, पाणी पीत आणि ताकदीची वाट बघत बसत. ताकद येईना. त्यांनी फोनवर लेकीला झापलं.

"आई, उठबस करतेस ना?"

"पावडर कशाला पाठवलीस मग? उठबस तिने करायची."

"पावडर म्हणजे नुसती लाकडं, आई. चूल तूच पेटवायची. रोज चटईवरून उठायचं आणि बसायचं. दहादा, मग थांबून परत दहादा. नाहीतर कोको वाया घालवू नकोस."

पण उठबस करायची कुठे? लांगीमाइनाबाईंच्या घराला, गावातल्या सगळ्याच चांगल्या घरांसारखं, छप्पर आहे, खांब आहेत, चटया आहेत, भिंती नाहीत. सकाळी केली तर शाळेत जाणारी पोरं बघणार, दुपारी केली तर फुआतिनो. मोकळी वेळ एकच. संध्याकाळी शंख वाजला की सगळं गाव आपापल्या घरात प्रार्थनेला बसतं, डोळे मिटतं, आणि दुसरा शंख होईपर्यंत रस्त्यावर कुणी पाऊल टाकत नाही. सगळ्या गावाचे डोळे एकदम मिटलेले असण्याची ही एकच वेळ.

तरी देवाचा वेळ चोरायचा नाही म्हणून बाईंनी तोड काढली. भजनाची एक ओळ म्हणायची, उठायचं. दुसरी ओळ, बसायचं. उठताना 'हालेलुया' आपोआपच जोरात निघे, आणि पहिले काही दिवस दोन्ही हातही वर जात, तोल सांभाळायला. देव खूश, मांड्या खूश. दुसऱ्या आठवड्यात खांबाची गरज संपली. चौथ्यात त्या तीसदा उठून बसू लागल्या आणि दम लागायच्या ऐवजी भूक लागू लागली.

एक गोष्ट त्या विसरल्या. प्रार्थनेच्या वेळी कुणी रस्त्यावर येऊ नये म्हणून रस्त्यावर चार गडी काठ्या घेऊन उभे असतात. त्यांचे डोळे उघडेच असतात. त्यासाठीच तर उभे असतात.

त्यांना काय दिसलं? मुखियाची थोरली बहीण, पाद्रीसाहेबांच्या मंडळीतली पहिल्या बाकावरची बाई, ऐन प्रार्थनेत हात वर करून उभी राहतेय, हालेलुया म्हणतेय आणि खाली बसतेय. परत उभी राहतेय. शहराकडून एक नवा पंथ आला होता, त्यात म्हणे असंच उठतात, उड्या मारतात आणि नंतर गडबडा लोळतात. गड्यांनी चार आठवडे वाट बघितली, लोळतायत का म्हणून. मग गावाला सांगून टाकलं.

दोन दिवसांत सालेमानात लांगीमाइनाबाई सोडून सगळ्यांना कळलं की लांगीमाइनाबाई धर्म बदलतायत. शेजारीण येऊन नुसतीच हात धरून बसली आणि डोळे पुसत गेली. पाद्रीणबाईंनी न मागता केळ्यांचा घड पाठवला. तिसऱ्या दिवशी खुद्द आसोमुआ आला, नवी लुंगी नेसून, आणि चटईवर बसला. भावाने बहिणीला तोंडावर वेडंवाकडं विचारायचं नाही, ही रीत. म्हणून तो आधी पावसावर बोलला. मग नव्या घराच्या छपराचे पत्रे बोटीवरून यायला महिना लागणार आणि उद्घाटन पुढे जाणार, त्यावर बोलला. मग डुकराच्या एका पिल्लावर बराच वेळ बोलला. तासाभराने त्याने कपाळ पुसलं.

"ताई, आपला देव पुरत नाही का तुला?"

"म्हणजे?"

"लहानपणापासूनचा आहे आपला. सवयीचा आहे. आता या वयात दुसरा कशाला?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलता येईना. खरं सांगावं तर मांड्यांची लाज चव्हाट्यावर, आणि मग खुर्ची कायमची. न सांगावं तर पंथ बदललेली बाई, आणि अशा बाईला समितीच्या उद्घाटनात कोण नाचू देणार? दोन्हीकडून नाच जात होता.

"उद्या समितीत सांगेन," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बावीसच्या बावीस जणी हजर. एकीच्या अंगात ताप होता, तीही आली. असली सभा वर्षातून एखादीच होते. पाद्रीणबाईंनी मान खाली घालून विषय काढला. फुआतिनोने विषय नीट पुढे नेला. "वन्संचा मान आहेच. पण या गोष्टीचा निकाल लागेपर्यंत नाच दुसऱ्या कुणाला..."

"तोंड मिटा सगळ्यांनी," लांगीमाइनाबाई म्हणाल्या. फुआतिनो एकटीच बोलत होती, पण बाईंना घाऊक बोलायची सवय.

त्यांनी टोपीचं खोकं पुढे ओढलं, टोपी काढून बाजूला ठेवली आणि त्या उघड्याबंब गड्याचा डबा सभेच्या मधोमध मांडला. "हा माझा नवा पंथ. मांड्यांत जोर राहिला नव्हता. कित्येक महिने मी खांब धरून उठत होते. लेकीने हे पाठवलं. हे खायचं आणि देवाचं नाव घेत उठबस करायची. मी लपवलं, कुणाला वाटा दिला नाही, त्याची शिक्षा करा हवी तर. आता बघा."

दोन्ही हात पसरून त्या उठल्या. खांब नाही, आवाज नाही, गुडघ्यावर हात नाही. वर पोचल्यावर त्यांनी सगळ्यांकडे एक नजर फिरवली, सावकाश खाली बसल्या, आणि कुणी मागितलं नसताना आणखी एकदा उठल्या.

मग पाद्रीणबाई हळूच म्हणाल्या, "पहिला वाटा आमच्याकडे येतो ना?"

झालं. कुणी कप आणला, कुणी केळीचं पान, तापवालीने ओंजळच पुढे केली. जी ती आपला गुडघा, आपली कंबर, आपली न चढता येणारी पायरी सांगू लागली. इतकी वर्षं बावीस जणी एकमेकींपासून मांड्या लपवून होत्या. पाव तासात डब्यात नुसता चमचा उरला. एकेकीला बाई बजावत होत्या, "आधी नर्सबाईला विचारायचं. एकच चमचा. चार घेतले तर माड मोजाल."

सगळ्या गेल्या. फुआतिनो आपल्या जागी बसूनच.

"सभा संपली," लांगीमाइनाबाई म्हणाल्या.

"तुम्ही व्हा पुढे वन्सं. मी येते."

"ऊठ की."

"उठतेय."

पण ती उठेना. डावा हात टेकला, उजवा टेकला, परत बसली. बाईंच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "कधीपासून?"

फुआतिनोने पंख्याआड तोंड लपवलं. "गेल्या वर्षी शाळेच्या घंटेच्या उद्घाटनाला तुम्ही नाचलात तेव्हापासून."

नाचणारीच्या बाजूला भावाच्या बायकोने माकडचाळे करायचे असतात. तिने वेडंवाकडं नाचायचं, धडपडायचं, जमिनीवर लोळायचं. ती जितकी गबाळी तितकी मधली राजहंसीण दिसते. गेल्या वर्षी फुआतिनो लोळली ती लोळलीच. उठताच आलं नाही. चार गड्यांनी उचललं, आणि लोकांना वाटलं हाही खेळच.

"हसून हसून रडले हो सगळे," फुआतिनो म्हणाली. "परत पडा, परत पडा म्हणून ओरडत होते. आणि तुमचे बंधू घरी येऊन म्हणाले, दरवर्षी असंच लोळत जा. तुम्ही नाचलात की मला लोळणं आलं. म्हटलं, तुम्ही खुर्चीवर बसलात तर दोघी सुटू."

"तोंड नव्हतं सांगायला?"

"तुम्हाला?" फुआतिनो म्हणाली. "तुम्हाला कोण काय सांगू शकतं वन्सं?"

हे इतकं खरं होतं की लांगीमाइनाबाईंना राग यायच्या आधी हसू आलं. त्यांनी हात पुढे केला. "धर. आजच्या दिवस. उद्यापासून हात मिळायचा नाही."

माकेरिताने समितीच्या नावाने पेटीभर डबे पाठवले. पार्सल कचेरीतल्या दाराएवढ्या माणसाने ते स्वतः गाडीत ठेवून दिले आणि विचारलं, संघ कुठे खेळायला जाणार आहे. पाद्रीसाहेबांनी निकाल दिला की प्रार्थनेच्या मध्ये उठबस चालणार नाही, 'आमेन' झाल्यावर दुसऱ्या शंखापर्यंत देवाची हरकत नसावी. तेव्हा संध्याकाळी रस्त्यावरच्या गड्यांना दिसायचं ते असं: दोन्ही बाजूंच्या बिनभिंतीच्या घरांतून सगळ्या गावच्या बायका एकदम वर येतायत आणि एकदम खाली जातायत, भरती-ओहोटी लागल्यासारख्या. फुआतिनो रोज वन्संच्या घरी. तिला चटईवर लोळायचं, मग उठायचं, आणि लांगीमाइनाबाई खांबाला टेकून, हातात पंखा घेऊन मोजत. "ते उठणं झालं? मासा होडीत पडल्यासारखं झालं. परत."

पत्रे आले, छप्पर चढलं, उद्घाटनाचा दिवस उजाडला. भाषणं झाली, डुकरं भाजून झाली, आजूबाजूच्या सात गावांचे लोक चटयांवर दाटून बसले. शेवटच्या नाचाचा ढोल वाजला. लांगीमाइनाबाई मुकुट घालून चटईवर बसल्या होत्या. दोन्ही हात पसरले, आणि पाण्यातून कमळ यावं तशा वर आल्या. एक पीस हललं नाही. त्यांनी बोटांची टोकं वळवली, मान किंचित कलली, आणि सात गावांनी श्वास रोखला.

पण तेवढ्यात फुआतिनो आली. डोक्यावर टोपली, कमरेला माशाचं जाळं. ती धाडकन जमिनीवर आडवी पडली, गडबडा लोळली, आणि चेंडूसारखी उसळून उभी राहिली. लोक हसले. ती परत पडली, परत उठली. तिसऱ्यांदा पडून कुणाच्याही आधाराशिवाय उठली आणि वर एक उडी मारली तेव्हा सातही गावं टाळ्या वाजवत उभी राहिली, पाद्रीसाहेब धरून. आसोमुआ तर रडतच होता. शेवटची तीन कडवी लांगीमाइनाबाई राजहंसासारख्या नाचल्या, आणि त्यांच्याकडे बघत होत्या फक्त पाद्रीणबाई, त्याही बहुधा जागेवरून दुसरं काही दिसत नव्हतं म्हणून.

ढोल थांबला. धापा टाकत, धुळीने माखलेली, दात दाखवत फुआतिनो वन्संच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. पिसांचा मुकुट तसाच ताठ ठेवून लांगीमाइनाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तिच्या केसांत अडकलेली माडाची काडी काढली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"फुआतिनो, मनाने तू वाईट नाहीस. पायांनी मात्र फार चांगली झालीस. उद्यापासून तुझी पावडर बंद."